प्रश्न विचारण्याचा अधिकार

दिवाळीच्या सुटीत शिकायला गेलेली मुले घरी येतात आणि फराळाच्या ताटाभोवती जमलेली वडीलधारी मंडळी त्यांची एक अनौपचारिक परीक्षा घेतात. मुलगा लातुरात वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीला बसला आहे असे कळले की मंडळींच्या तोंडावर आदर उमटतो. मुलगी नांदेडला समाजशास्त्रात एम. ए. करते आहे असे कळले तर "बरं, बरं" म्हणून चकलीचा तुकडा मोडला जातो. आणि तिने धीर करून आपल्या संशोधनाचा विषय सांगितलाच, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या मुलांचे शिक्षण, किंवा गावातून शहरात आलेल्या सुनांचे जीवन, तर कोणीतरी हमखास म्हणतो, "ह्यात संशोधन कसलं? हे तर आम्हांला ठाऊकच आहे!"

हा शेरा मला सर्वस्वी खोटा वाटत नाही. समाजशास्त्र ज्याचा अभ्यास करते ते सगळे कोणाला ना कोणाला ठाऊक असतेच. तारा दूर असतो, जंतू बारीक असतो, म्हणून तो पाहायला यंत्र लागते. शेजारचे घर पाहायला यंत्र लागत नाही. परंतु 'ठाऊक असणे' आणि 'पाहिलेले असणे' ह्यांत फार अंतर आहे. आपल्या गावात कोणती वस्ती कोणत्या दिशेला आहे हे लहान पोरही सांगेल. ती तिथेच का आहे, हे सांगायला त्रिंबक नारायण आत्रे यांच्यासारखा माणूस लागतो. आत्रे महसूल खात्यातले अधिकारी. समाजशास्त्राची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. पण नोकरीच्या निमित्ताने गावोगाव हिंडताना पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, अलुतेदार ह्यांचे जे व्यवहार त्यांनी पाहिले, त्यांतून १९१५ साली 'गावगाडा' हे पुस्तक उभे राहिले. त्यातली एकेक गोष्ट तेव्हाच्या खेडुताला ठाऊक होती. सगळा गाडा मात्र त्यापूर्वी इतका उलगडून कोणी दाखविला नव्हता.

तेव्हा संशोधनाचा उपयोग काय, ह्या वादात मला शिरायचे नाही. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. विद्यापीठांच्या उपयोगाविषयी निकाल देणे मला शोभणारही नाही. माझ्या मनात घोळणारा प्रश्न निराळा आहे. दुसऱ्याच्या आयुष्याला आपल्या अभ्यासाचा विषय करण्याचा अधिकार माणसाला कोठून मिळतो?

पूर्वी हा प्रश्न आमच्या मराठवाड्यात फारसा उद्भवत नसे, कारण विचारणारे आमच्यांतले नसतच. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले, तरी १९५६ पर्यंत आम्ही हैदराबाद राज्यातच होतो, आणि उच्च शिक्षणासाठी आमच्या मुलाला हैदराबादेच्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहावे लागे. श्यामाचरण दुबे यांनी त्याच उस्मानियाच्या मंडळींना बरोबर घेऊन सिकंदराबादजवळच्या शमीरपेट ह्या खेड्याचा अभ्यास केला आणि १९५५ साली त्यावर पुस्तक काढले. भारतीय खेड्याच्या अभ्यासातला तो एक पाया मानला जातो. त्या काळची रीत अशी की अभ्यासक शहरातून यायचा, खेडे उत्तर द्यायचे, आणि पुस्तक इंग्रजीत निघून पुन्हा शहरात जायचे. पुढे १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ आले, आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मुक्तिदिनाचीच तिथी साधून, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे विद्यापीठ उभे राहिले. आज कंधार, मुखेड, अहमदपूर, निलंगा अशा तालुक्यांतली, घरातली पहिलीच पदवी घेणारी मुले तिथे समाजशास्त्र शिकतात, आणि प्रबंधासाठी प्रश्नावली हातात घेऊन पुन्हा आपल्याच गावात येतात.

विचारणारा आणि सांगणारा एकाच गल्लीतले असावेत, ही आपल्या इतिहासातली नवी गोष्ट आहे. तिचा मला अभिमान वाटतो. परंतु परक्या माणसाला जे सहज विचारता येते, ते घरच्या माणसाला विचारताना जीभ अडखळते, आणि ती का अडखळते ह्याचा विचार करणे भाग पडते.

माझी एक जुनी विद्यार्थिनी एम. ए. च्या लघुप्रबंधाचे काम करीत होती. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या पत्नींची स्थिती, असा तिचा विषय. विषय तिने उगाच घेतला नव्हता; तिच्या सख्ख्या मावशीवर तो प्रसंग आलेला होता. प्रश्नावली छापून झाली. कुटुंबात माणसे किती, जमीन किती, कोरडवाहू की बागायती, कर्ज बँकेचे की सावकाराचे, असे चाळीस-एक प्रश्न. पहिल्याच गावात एका बाईने सगळ्या प्रश्नांची सावकाश उत्तरे दिली, मध्येच उठून चहा केला, आणि शेवटी विचारले, "माय, ह्यो कागद कुठं लावायचा असतो? मागच्या येळी आपात्र म्हणून आलं. औंदा तरी व्हईल का माझं?"

ज्यांना ह्या प्रश्नाचा संदर्भ ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. अशा कुटुंबांना एक लाख रुपयांची मदत देण्याचे राज्य सरकारने २००६ साली ठरविले. परंतु ती देण्याआधी मृत्यूची चौकशी होते आणि प्रकरण 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरते. जमीन मृताच्या नावावर होती का, कर्ज कोणत्या संस्थेचे होते, ते थकले होते का, हे त्यात पाहतात. आमच्या मुलीच्या प्रश्नावलीत नेमके हेच प्रश्न होते. त्या बाईला वाटले, तहसिलीतून कोणीतरी पुन्हा चौकशीला आले आहे. तिने चहा केला तो पाहुणीला नव्हे, सरकारला.

मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, मी त्यांना आधीच सांगितलं होतं की हे कॉलेजचं काम आहे. त्यांनी मान हलवली होती. मग ती संमती खरी की खोटी? मी विषय बदलू का?"

मी तिला त्या दिवशी उत्तर दिले नाही, कारण माझ्यापाशी ते नव्हते. पण तेव्हापासून ह्या प्रश्नाने माझी पाठ सोडलेली नाही. कागद आणि लेखणी घेऊन दाराशी आलेला माणूस गरिबाला नेहमीच सरकार वाटतो. त्याला 'नाही' म्हणण्याची हिंमत होत नाही, आणि हिंमत असली तरी आशा ते म्हणू देत नाही. म्हणजे ज्याला आपण संमती म्हणतो, तिच्यात भीती किती, आशा किती आणि खरी खुशी किती, हे वेगळे करून कसे दाखविणार?

लातूरकडच्या लोकांनी ह्याचा अनुभव फार पूर्वी घेतला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी आणि आसपासची गावे भूकंपाने कोसळली. जवळजवळ दहा हजार माणसे गेली. बावन्न गावे मूळ जागेवरून उठवून नव्याने वसविली गेली. आणि त्या पुनर्वसनाच्या पाठोपाठ अभ्यासक आले. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेपासून परदेशातल्या विद्यापीठांपर्यंत कितीतरी ठिकाणचे. ते आले हे चुकीचे झाले असे मी म्हणत नाही. चौकोनी रस्त्यांच्या नव्या गावांत वाड्याचे अंगण हरवले, जुन्या शेजाराची मोड झाली, शेत लांब पडले, हे ह्या अभ्यासांमुळेच नीट मांडले गेले. आणि पुढे कुठे अशी आपत्ती आली तर काय टाळावे, हे त्यांतूनच कळते. पण ज्या म्हातारीने आपली मेलेली नातवंडे दहा जणांना दहा वेळा मोजून दाखविली, तिच्या हाती त्यातले काय पडले?

तर मग असे विषय सोडून द्यावेत काय? मनुष्य भावनेच्या भरात 'होय' म्हणून जातो. मलाही क्षणभर तसे वाटले. परंतु थोडा विचार केला की ध्यानात येते, न विचारणे हे विचारण्यापेक्षा दयाळू असतेच असे नाही. नवरा गेलेल्या बाईला गाव काय म्हणते? तिचा पायगुण वाईट. घरात कटकट असेल. तो पीतच होता. प्रत्येक घरातल्या मृत्यूला त्या घरातलेच एखादे कारण चिकटवून गाव मोकळे होते, आणि त्या कारणाचे ओझे बहुधा बाईच्या डोक्यावर येते. एमिल दुर्खीम नावाच्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९७ साली आत्महत्येवर ग्रंथ लिहिला. तो कोणाच्या दारात गेला नाही. त्याने सरकारी नोंदींचे आकडे मांडले आणि दाखवून दिले की माणूस अगदी एकटा असताना जी गोष्ट करतो, तिच्यामागेही समाजाचा हात असतो. एका घरातला मृत्यू ही त्या घराची गोष्ट वाटते. शंभर घरांचे आकडे शेजारी-शेजारी ठेवले की पायगुणाची भाषा गळून पडते, आणि पाऊस, भाव, कर्ज, एकाकीपणा ह्यांची भाषा सुरू होते. कोरड्या तक्त्याला हृदय नसते असे आपण म्हणतो. पण शंभर बायांच्या माथ्यावरचा दोष उतरविण्याचे सामर्थ्य कधी कधी त्या कोरड्या तक्त्यातच असते.

म्हणून विषय सोडणे हा उपाय नव्हे. अधिकार आहे, पण तो पदवीच्या नोंदणीबरोबर मिळत नाही, काही अटी पाळून कमवावा लागतो. मला सुचलेल्या अटी तीन आहेत.

पहिली अट अशी की, आपल्याला नको असलेले उत्तर ऐकण्याची तयारी हवी. इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला शिकायला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्व मानणारे. पुढे नाझींच्या वंशविचाराला ज्यांनी विद्वत्तेचा आधार पुरविला त्यांपैकी ते एक. कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंतल्या असमानतेचा वंशाशी संबंध आहे, हे सिद्ध व्हावे अशी त्यांची अपेक्षा. परदेशी, एकटी, पंचविशीच्या आतली ही मुलगी; पदवी त्यांच्याच हाती. कर्वेबाईंनी मोजमापे घेतली आणि तसा संबंध दिसत नाही असे लिहून दिले. आज आमच्या मुलांवर असे भयंकर दडपण नसते. पण विषय सरांनी दिलेला, गृहीतक मागच्या प्रबंधातून उचललेले, आणि निष्कर्ष प्रश्नावली छापण्यापूर्वीच ठरलेला, हे दडपणही काही लहान नव्हे. निष्कर्ष आधीच ठरला असेल तर त्या बाईचे दार वाजवायचे कशाला? तिचा वेळ, तिचा चहा आणि तिचे रडणे आपण फुकट घेतले असे होईल.

दुसरी अट नजरेच्या दिशेची. लॉरा नेडर ह्या अमेरिकन विदुषीने १९७२ साली आपल्या सहकाऱ्यांना विचारले की, आपण सारखे खालीच का पाहतो? गरिबांचा, दुबळ्यांचा अभ्यास ढिगांनी होतो. ज्यांच्या निर्णयांवर त्यांचे आयुष्य चालते त्यांचा का होत नाही? हा प्रश्न जणू आमच्यासाठीच होता. कर्ज काढणाऱ्यावर प्रबंध होतो, देणाऱ्यावर क्वचित. टोळीबरोबर जाणाऱ्या मजुरावर होतो. उचल वाटणाऱ्या मुकादमावर आणि ती ज्या कारखान्यासाठी वाटली जाते त्याच्यावर क्वचित. लातूरच्या शिकवणी वर्गांत हजारो मुले येतात. यशस्वी मुलांचे फोटो चौकाचौकांत लागतात. न जमल्याने परत गेलेला मुलगा गावी जाऊन काय करतो, आणि त्याच्या बापाने विकलेल्या एकरभर रानाचे पैसे कोणकोणत्या हातांतून गेले, हा केवढा विषय आहे! पण वर्गाच्या इमारतीला पहारेकरी असतो आणि मजुराच्या खोपीला दार नसते. आपले संशोधन जिथे दार नाही तिथेच शिरते, आणि त्याला आपण आपली अभ्यासाची आवड म्हणतो. आवड ही इतकी निरागस वस्तू नाही. ती कोठे वळते हे पुष्कळदा आपली भीतीच ठरविते.

तिसरी अट राखण्याची आणि परत करण्याची. प्रबंधात 'उत्तरदाती क्रमांक १७' असे लिहिले की नाव झाकले गेले असे मुले समजतात. पण छोट्या गावात दोन एकर रान, दोन मुली आणि अमुक साली गेलेला नवरा एवढे लिहिले की घर ओळखू येते. पूर्वी प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात धूळ खात पडत, तेही एका परीने बरे होते. आता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाप्रमाणे पीएच. डी. चा प्रबंध 'शोधगंगा' ह्या संकेतस्थळावर जातो, आणि गावातला कोणीही पोरगा तो मोबाइलवर उघडू शकतो. आपल्याकडचे समाजशास्त्राचे पुष्कळ प्रबंध मराठीत असतात. हा गुणही आहे आणि जोखीमही. म्हैसूरकडच्या एका गावात एम. एन. श्रीनिवास १९४८ साली जाऊन राहिले. पुस्तकात त्यांनी त्याचे नाव 'रामपुरा' ठेवले. ते कोडगहळ्ळी हे पुढे सगळ्यांना कळलेच. पण श्रीनिवासांची गोष्ट मला दुसऱ्याच कारणाने आठवते. एप्रिल १९७० मध्ये ते अमेरिकेत स्टॅनफर्डला असताना कोणीतरी लावलेल्या आगीत त्यांची अनेक वर्षांची टिपणे जळून गेली. तेव्हा त्यांनी केवळ आठवणीवरून ते गाव लिहून काढले. १९७६ साली ते पुस्तक निघाले. टिपणे जळल्यावरही ज्याला गाव आठवते, तो तिथे नुसती माहिती गोळा करायला गेला नव्हता, एवढे नक्की.

मी कादंबऱ्या लिहितो. तेव्हा कोणी म्हणेल, हा उपदेश तुम्ही कोणत्या तोंडाने करता? कादंबरीकारही दुसऱ्यांचे आयुष्य उचलतोच; संमती तर तो मागतही नाही. हा आक्षेप रास्त आहे. फरक एवढाच की कादंबरीकार 'हे असे घडले' अशी शपथ घेत नाही. त्याची पात्रे खोटी आहेत असे म्हणण्याची सोय वाचकालाही असते आणि ज्याच्यावरून पात्र घेतले त्यालाही. संशोधकाने लिहिलेले 'सत्य' म्हणून वाचले जाते, आणि सत्य म्हणून लिहिलेल्या ओळीपासून त्या बाईला पळता येत नाही. ज्याच्या शब्दाला अधिक वजन, त्याच्यावर जबाबदारीही अधिक.

त्या मुलीने पुढे काय केले हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. तिने विषय बदलला नाही, प्रश्न बदलला. बायांच्या घरातल्या भांड्याकुंड्यांची मोजदाद तिने काढून टाकली, आणि 'पात्र' व 'अपात्र' हा निर्णय कसा होतो, त्याला कोणते कागद लागतात, ते मिळवायला किती खेपा पडतात, आणि निर्णयाचे कारण बाईला कोणी समजावून सांगते का, ह्याचा शोध घ्यायला ती लागली. ह्याची किंमत तिला मोजावी लागली. बायांची दारे उघडी होती. कचेरीतल्या बाकावर तिला कित्येक दिवस बसून काढावे लागले, आणि हाती आलेली प्रकरणे थोडीच निघाली. 'नमुना लहान आहे' हा शेरा तिला मिळाला, आणि शास्त्राच्या दृष्टीने तो बरोबरही असेल. परंतु त्या पहिल्या बाईकडे ती पुन्हा गेली, तिच्या प्रकरणात कोणता कागद कमी पडला होता ते तिला वाचून दाखविले, आणि आपण सरकार नाही, आपल्याकडून पैसे मिळणार नाहीत, हेही ह्या खेपेला तिला पटेपर्यंत सांगितले. बाई निराश झाली. मग म्हणाली, "बरं झालं माय, सांगितलंस. कोणी सांगतच नव्हतं." तिला अजून काही मिळालेले नाही. ही गोष्ट गोड शेवटाची नाही, आणि तिला तसा शेवट लावण्याची माझी इच्छाही नाही.

राहता राहिले आपण, म्हणजे घरी बसून उत्तरे देणारी किंवा फराळ करता करता मुलांची चौकशी करणारी माणसे. एखादा मुलगा प्रश्नावली घेऊन आपल्या दाराशी आला तर त्याला पाणी द्यावे, बसवावे, आणि मग आपणही दोन प्रश्न विचारावेत. हे कशासाठी? लिहून झाल्यावर मला वाचून दाखवशील काय? त्याची उत्तरे पटली नाहीत तर 'मला सांगायचे नाही' असे म्हणण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. त्याने राग मानण्याचे कारण नाही. आणि आपल्याच घरची मुलगी समाजशास्त्र शिकत असेल, तर "ह्याला नोकरी कुठं मिळते?" हा प्रश्न ह्या दिवाळीपुरता बाजूला ठेवून तिला विषय विचारावा, तो तिनेच निवडला का हे विचारावे, आणि ज्यांच्याविषयी ती लिहिते आहे त्यांच्याकडे ती पुन्हा केव्हा जाणार आहे, हेही विचारावे. कोणीतरी घरात हे विचारणारे आहे असे तिला कळले, तर तिच्या प्रबंधाची निम्मी राखण तिथेच होईल.